परवानगी एका प्रयोगाची होती

लेखकाकडून नाटकाचे परवानगीपत्र घेऊन त्या पत्राची हद्द ओलांडणाऱ्या सर्व नाट्यसंस्था, दिग्दर्शक, आयोजक आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक यांना हा जाहीर इशारा आहे.

मी नाटककार आहे. स्पर्धेतल्या एका प्रयोगापुरते म्हणून माझ्याकडून पत्र नेले जाते. ते प्रवेशअर्जाला जोडले जाते, बक्षीस मिळते, आणि मग त्याच पत्राच्या झेरॉक्सवर तिकीट लावून प्रयोग सुरू होतात. माझ्या एका नाटकाच्या बाबतीत तर शेवटचा प्रवेश परस्पर बदलला गेला आणि अख्खा प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकला गेला. जाब विचारला तेव्हा संस्थेचे उत्तर आले, ‘सर, तुमचं पत्र आहे की आमच्याकडे!’

पत्र आहे. त्यावर एक तारीख, एक केंद्र आणि एक प्रयोग लिहिलेला आहे. त्यापुढचा प्रत्येक प्रयोग ही चोरी आहे. ‘मानधन राहिलं असेल तर देऊन टाकू’ एवढ्यावर हे मिटत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम ५१ ने परवान्याविना केलेले कृत्य आणि परवान्याच्या अटी मोडून केलेले कृत्य एकाच रांगेत बसवले आहे. दोन्ही उल्लंघनच. उलट ज्याच्या हाती पत्र आहे त्याला ‘नाटकाला मालक आहे हे ठाऊक नव्हतं’ असे म्हणण्याची सोयही उरत नाही. तुम्ही दाखवता ते पत्रच तुमच्याविरुद्धचा पहिला पुरावा आहे.

‘पत्रात मुदत घातलेली नाही’ असे सांगणाऱ्यांनी कलम १९ आणि ३०-अ वाचावे. मुदत लिहिली नसेल तर परवाना पाच वर्षांचा धरला जातो, कायमचा नाही. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी इथल्या एखाद्या संस्थेच्या पत्रावर विसंबून तिकडे प्रयोग लावू नयेत. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र म्हणजेही लेखकाची परवानगी नव्हे. ती दोन वेगळी कागदपत्रे आहेत, हे वर्षानुवर्षे नाटक करणाऱ्यांना सांगावे लागते याचा मला संताप येतो.

कायद्याने दिलेली सवलत मी नाकारत नाही. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग कलम ५२ खाली उल्लंघन ठरत नाही, आणि गावोगावच्या अशा मंडळांशी माझे भांडणही नाही. मराठी नाटक त्यांनीच जिवंत ठेवले आहे. पण तिकीट लावले की ती सवलत संपली. चित्रीकरण करून ते इंटरनेटवर टाकणे तर त्या सवलतीत कधी नव्हतेच.

संहितेला हात लावणाऱ्यांसाठी कलम ५७ आहे. हक्क विकल्यानंतरही संहितेची मोडतोड रोखण्याचा लेखकाचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवर चित्रपट काढण्याची परवानगी दिली होती. कथेची मोडतोड झाली म्हणून त्या न्यायालयात गेल्या. करार झाला म्हणून लेखकाचा हा अधिकार संपत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. संस्थेच्या नावाआड पदाधिकाऱ्यांना लपता येणार नाही. कलम ६९ त्यांच्यापर्यंत पोहोचते. नाट्यगृह देणाऱ्याला ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव आजवर होता. हा इशारा वाचल्यावर तो राहिला नाही. यापुढे तारीख देताना लेखकाचे पत्र मागा, आणि त्यावरची तारीख व प्रयोगांची संख्या नीट वाचा.

हा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांची मुदत देत आहे. माझ्या नाटकांची सर्व चित्रीकरणे इंटरनेटवरून काढा. पत्राबाहेर केलेल्या प्रत्येक प्रयोगाची तारीख, ठिकाण आणि तिकीटविक्रीचा हिशेब लेखी द्या. लेखकाचे मानधन भरा. बदललेली संहिता परत करा, तिच्या प्रती नष्ट करा. जे स्वतःहून पुढे येतील त्यांच्याशी मी बोलेन आणि नवे, नीट मुदतीचे पत्रही देईन.

बाकीच्यांवर सोळाव्या दिवशी पोलिसांत तक्रार होईल आणि मनाईहुकूम व नुकसानभरपाईचा दावा दाखल होईल. कलम ६२ प्रमाणे तो मी राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात चालेल, तुमच्या सोयीच्या ठिकाणी नाही. दाव्यासाठी लागणारी जाहिरातींची कात्रणे, तिकिटे आणि चित्रफितींच्या प्रती माझ्या वकिलांकडे जमा आहेत.