एकटाकीचे कौतुक पुरे झाले

आपल्या सभासंमेलनांत कादंबरीकाराचा परिचय करून देताना एक वाक्य हमखास कानी पडते : 'ही चारशे पानांची कादंबरी यांनी अवघ्या एकवीस दिवसांत हातावेगळी केली.' टाळ्या पडतात, लेखक विनयाने मान लववतो आणि कार्यक्रम पुढे सरकतो. बाविसाव्या दिवशी काय झाले, हे कोणी विचारीत नाही. रियाजावाचून मैफल मारली असे सांगून आपण गवयाचा गौरव करीत नाही. अभियंत्याने पुलाचा आराखडा एकदाच काढला आणि पुन्हा तो पाहिला नाही, असे कळले तर त्या पुलावरून जाण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही. कादंबरीच्या बाबतीत मात्र न तपासणे हाच गुण ठरतो. हे एकटाकी लेखनाचे कौतुक मराठी कादंबरीचे नुकसान करीत आले आहे, असे माझे मत आहे, आणि ते आडपडदा न ठेवता मांडायचे आहे.

पहिला खर्डा पुरा झाल्यावर कादंबरीकाराचे जे आयुष्य सुरू होते, ते बाहेरून पाहणाऱ्यास रिकामपणासारखे दिसते. घरच्यांना वाटते, लिहून तर झाले, मग हा अजून दार लावून का बसतो? स्नेही भेटले की 'सध्या नवीन काय?' असे विचारतात, आणि हा तर वर्षभर जुन्याच पानांवर अडलेला असतो. ज्या प्रकरणावर त्याचे सर्वांत अधिक प्रेम, तेच कथानकाला जड होत आहे हे त्याला उमगते. ते काढायचे तर त्यातून निघालेले तीन धागे पुढे कोठे तरी पुन्हा बांधावे लागतात. पाचव्या प्रकरणात चाळिशीची असलेली विधवा दहाव्यात पस्तिशीची झालेली असते. बीदरकडची म्हातारी सदाशिव पेठेतल्या मास्तरीणबाईंसारखी बोलू लागलेली असते, आणि हे कळण्यासाठी ते संवाद भिंतीला ऐकवीत मोठ्याने वाचावे लागतात. या काळात पाने वाढत नाहीत, उलट कमी होतात. दाखविण्यासारखे हाती काही नसते. मिळकतीचा तर प्रश्नच नाही. लेखकाची खरी कसोटी याच महिन्यांत लागते, आणि याच महिन्यांत समाजाने त्याला आळशी ठरविलेले असते.

राज्य शासनाच्या सेवेत तीसहून अधिक वर्षे मसुदे लिहिण्यात आणि इतरांचे मसुदे दुरुस्त करण्यात गेल्याने मला 'मसुदा' या शब्दाविषयी ममत्व आहे. निजामाच्या राज्यात १८८४ पासून उर्दू ही कारभाराची भाषा होती, आणि त्या परंपरेतले जुने कारकून मसुद्याला त्याच्या मूळ रूपात 'मुसव्वदा' म्हणत. अरबीत त्याचा धात्वर्थ 'काळा केलेला' असा आहे. स्वच्छ प्रतीला 'मुबय्यजा', म्हणजे 'पांढरा केलेला', हा शब्द होता. कागद आधी काळा करायचा आणि मग पांढरा करायचा, अशी दोन स्वतंत्र कामे ती भाषा मानते. साध्या बदलीच्या हुकुमालाही ही दुसरी पायरी चुकली नव्हती. आपल्या कादंबऱ्या मात्र मोठ्या संख्येने काळ्या अवस्थेतच छापखान्यात जातात.

यावर उत्तर म्हणून थोरांचे दाखले पुढे केले जातात. आमच्या शेजारच्या तेलुगू साहित्यात विश्वनाथ सत्यनारायण यांची 'वेयि पडगलु' ही प्रचंड कादंबरी २९ दिवसांत तोंडी सांगून लिहविली गेली, अशी आख्यायिका आहे. आंध्र विश्वविद्यालयाच्या स्पर्धेसाठी १९३४ च्या सुमारास ती लिहिली गेली. आख्यायिका खरी धरली तरी तिचा दुसरा भाग सांगणारे क्वचित भेटतात. याच लेखकाने 'श्रीमद्रामायण कल्पवृक्षमु' या महाकाव्यासाठी सुमारे तीन दशके खर्ची घातली, आणि १९७० चा ज्ञानपीठ पुरस्कार त्या काव्यासाठी मिळाला. मराठीत हाच मान 'कोसला'कडे जातो. भालचंद्र नेमाडे यांनी ती पंचविशीत, काही थोड्या दिवसांत लिहिली, असे तरुण लेखक मला ऐकवितात. त्यांना मी इतकेच विचारतो, की १९७९ ची 'झूल' आणि २०१० ची 'हिंदू' यांच्यामध्ये किती वर्षे गेली? एकतीस. त्या एकतीस वर्षांत 'हिंदू येणार तरी कधी?' म्हणून थट्टा करणारे आणि 'कोसला'च्या वेगाचे गोडवे गाणारे लोक बहुधा एकच होते. 'हिंदू' कोणाला आवडेल, कोणाला नाही. तो प्रश्न निराळा.

हैदराबादकर मराठी माणसाने या संदर्भात खरे तर एका नावाचे स्मरण आधी करावयास हवे. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांची ओळख आपण पंतप्रधान म्हणून ठेवली आहे, परंतु हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'अबला जीवितम्' या नावाने तेलुगूत नेणारे तेच. 'वेयि पडगलु'चा 'सहस्रफण' हा हिंदी अनुवादही त्यांचाच. म्हणजे साप्ताहिकाच्या मागणीनुसार हप्त्याहप्त्याने लिहिलेली कादंबरी आणि तोंडी सांगितलेली कादंबरी, या दोन्ही त्यांनी ओळीओळीने स्वतःच्या हातून काढल्या होत्या. अनुवादकाइतका कठोर वाचक दुसरा नसतो. कोठे मजकूर फिरून फिरून तेथेच येतो, कोठे लेखकाला वेळ कमी पडला, हे त्याच्यापासून लपत नाही. हरिभाऊंची ती कादंबरी 'करमणूक'मधून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आली. तिची थोरवी निर्विवाद आहे, पण यमूची कहाणी थांबवून मधूनच पसरणारा विस्तार हप्त्यांच्या गरजेतून आला आहे, असे मला दर वाचनात वाटते. हरिभाऊंना साप्ताहिक चालवायचे होते, सार्वजनिक कामे होती. मागे वळण्याची उसंत त्यांना कोण देणार? त्यांच्या कित्येक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

स्वतः कादंबरी लिहिताना नरसिंह रावांनी उलट वाट धरली. १९७१ ते १९७३ या काळात ते आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री होते. राजकारणातील अनुभवांतून उभी राहिलेली 'द इन्सायडर' ही इंग्रजी कादंबरी वाचकांच्या हाती आली ती १९९८ मध्ये, पंतप्रधानपद सोडल्यावर दोन वर्षांनी. मधल्या काळात केंद्रातील मोठमोठी खाती त्यांच्याकडे होती आणि हस्तलिखितही त्यांच्यापाशी होते. कल्पित 'अफरोजाबाद' राज्याची ती कथा वाचताना आपला प्रांत कोणता, कोणते पात्र कोणाचे, हे ओळखण्याच्या खेळात सारी वृत्तपत्रे रमली, आणि राज्यकारभाराचे ओझे डोक्यावर असलेल्या माणसाने एक हस्तलिखित इतकी वर्षे जवळ बाळगले, याची दखल कोणी घेतली नाही. कादंबरी जड आहे हे मान्य. काही भाग विभागीय अहवालासारखे वाचतात. मी सरकारी माणूस असल्याने मला ते फारसे खुपले नाहीत. परंतु 'वेळ मिळत नाही' ही सबब सांगणाऱ्या लेखकांनी या माणसाच्या दिनक्रमाशी आपला दिनक्रम एकदा ताडून पाहावा.

आमच्या शहराशी संबंध असलेले दुसरे उदाहरण मात्र माझ्या विरुद्ध जाणारे आहे, म्हणून ते टाळणे योग्य नव्हे. १९३१ साली हैदराबादेत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची 'ब्राह्मणकन्या' प्रसिद्ध झाली होती. ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांची शिस्त लावणाऱ्या या पुरुषाने कादंबरीच्या घाटाकडे जवळजवळ पाठ फिरविली. कथा चालता चालता थांबते, पात्रे समाजशास्त्रावर बोलू लागतात, आणि बोलून झाल्यावर कथा पुन्हा चालू लागते. दुर्गाबाई भागवतांसारख्या चोखंदळ विदुषीला 'केतकरी कादंबरी' या नावाने स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, यावरून त्या कादंबऱ्यांचे वजन कळते. तेव्हा विचार मोठा असेल तर संस्कारावाचूनही कादंबरी टिकते, असे म्हणता येईल. टिकते खरी, पण कोणासाठी? आज केतकरांच्या कादंबऱ्या अभ्यासक वाचतात. ज्या सामान्य वाचकाचे मन बदलावे म्हणून केतकर कादंबरीकडे वळले होते, तो वाचक त्यांच्या पानांवर ठेचकाळून केव्हाच परतला. दुसऱ्या खर्ड्याचे सहा महिने त्या वाचकाला थांबवू शकले असते. शिवाय प्रत्येक एकटाकी लेखकापाशी केतकरांची प्रज्ञा असतेच असे नाही.

आता आपल्या घरचे. महाराष्ट्राबाहेर राहून लिहिणाऱ्या मराठी कादंबरीकाराचा ओढा स्वाभाविकपणे जुन्या हैदराबाद संस्थानाच्या काळाकडे असतो. रझाकारांचा काळ, सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, त्यात होरपळलेली घरे हा विषय पिढ्यांना पुरेल इतका मोठा आहे. अशी हस्तलिखिते अभिप्रायासाठी माझ्याकडे येतात, अलीकडे तर भ्रमणध्वनीवरच येऊन थडकतात. एका हस्तलिखितात १९४६ सालचा परभणीचा दुकानदार गिऱ्हाईकाला नव्या पैशांत सुटे परत करतो. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. संस्थानात तेव्हा हाली सिक्का चालत होता. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव होता आणि सरहद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसाला तो बटावणीचा हिशेब तोंडपाठ असे. दुसऱ्या हस्तलिखितातला नायक नामपल्लीला गाडीत बसतो आणि गाडी न बदलता तेव्हाच्या औरंगाबादेला उतरतो. तो मीटरगेजचा मार्ग काचीगुड्याकडून जाणारा होता. तिसऱ्यात सरकारी हुकुमावर इंग्रजी महिन्याची तारीख आहे, आणि त्या काळच्या दफ्तरांत तर आजूर, दै, बहमन असे फसली महिने चालत. या क्षुल्लक गोष्टी आहेत, कादंबरी म्हणजे गॅझेटियर नव्हे, असे एका लेखकाने मला ऐकविले. मला ते पटत नाही. बटाव कापून घेणाऱ्या सावकारापुढे उभा असलेला शेतकरी आणि सुटे पैसे मोजून घेणारा शेतकरी ही दोन वेगळी माणसे आहेत. पहिला खर्डा लिहिताना लेखक भावनेच्या भरात असतो, तेव्हा हे सुचणार नाही. सुचण्याची अपेक्षाही नाही. ते दुसऱ्या वाचनात सुचावयाचे असते, आणि दुसरे वाचनच झाले नाही तर त्या काळात जगलेल्या माणसांवर अन्याय होतो. त्यांच्यापैकी आज थोडेच उरले आहेत. प्रश्न विचारायचे तर आत्ताच विचारले पाहिजेत.

दोष एकट्या लेखकाचा नाही. हस्तलिखित परत पाठविणारा संपादक ही संस्था मराठीतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. मुंबईत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पानेच्या पाने पत्रे लिहीत आणि पुनर्लेखनासाठी मजकूर परत करीत. त्यांच्या अभिरुचीची सक्ती होते असा आक्षेप होता, १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळीही झाली, आणि तो आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. पण १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाल्यावर त्या सक्तीच्या जागी काय आले? लेखकाकडून छपाईचा खर्च आगाऊ घेऊन तीन आठवड्यांत पुस्तक हाती देणारे प्रकाशक आले. त्यांच्याकडे जुळणी करणारा असतो, मुखपृष्ठ करणारा असतो, वाचणारा कोणी नसतो. पुरस्कारांची व्यवस्थाही उतावळेपणाला खतपाणी घालते. महाराष्ट्र शासनाचे वाङ्मय पुरस्कार जानेवारी ते डिसेंबर या प्रकाशनवर्षाच्या हिशेबाने दिले जातात, म्हणून वर्षअखेरीस अर्धीकच्ची पुस्तके बाहेर काढण्याची घाई उडते. श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत बेस्टची नोकरी सांभाळून आपल्या बऱ्याचशा कादंबऱ्या लिहिल्या, आणि 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड १९८७ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध केले. निवृत्तीनंतर लेखणी हाती धरणाऱ्या आमच्यासारख्यांना 'आता वेळ थोडा उरला आहे' असे म्हणण्याची सवय असते. पेंडशांपाशी किती उरला होता?

आणि आपण साहित्यसंस्था काय करतो? लेखक पुनर्लेखनात गुंतलेला असताना त्याला परीक्षक नेमतो, उद्घाटनाला बोलावतो, स्मरणिकेसाठी तातडीने लेख मागतो. नकार दिला तर तो शिष्ट ठरतो. पुस्तक आले की शाल, श्रीफळ आणि 'एकवीस दिवसांत'चे भाषण. टॉलस्टॉयच्या हस्तलिखितांच्या प्रती त्याची पत्नी सोफिया पुन्हापुन्हा स्वच्छ करून देत असे. ती सोय प्रत्येकाच्या घरी नसते, असू नये असेही आता म्हटले पाहिजे. मग ते काम थोडेबहुत संस्थेने का करू नये? वर्षाकाठी होणाऱ्या चार-पाच प्रकाशनसमारंभांपैकी दोन रद्द करून त्या जागी अप्रकाशित कादंबरीच्या एकेका प्रकरणाचे वाचन ठेवावे. हार नको, छायाचित्र नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. हाती पेन्सिल घेतलेले पाच श्रोते असावेत. त्यांतला एक तरी संस्थानी काळ पाहिलेला किंवा त्या घरांत वाढलेला असावा, आणि एक असा, ज्याने लेखकाचे आधीचे काहीही वाचलेले नाही. लेखकाने उत्तर द्यायचे नाही, केवळ टिपून घ्यायचे. तीन तास पुरतील. चहा मात्र मधल्या वेळी नको, शेवटी द्यावा. मधे दिला की आमचे लोक निघून जातात.