नऊचा पाढा



जुगार वाईट, हे वाक्य निबंधाच्या वहीत लिहिण्यास फार सोपे आहे. परंतु ते लिहिणारा विद्यार्थी गणपतीच्या सुट्टीत घरी जातो, तेव्हा जागरणाच्या निमित्ताने ओटीवर पाच-पाच, दहा-दहा रुपयांचे डाव रंगलेले त्यास दिसतात, आणि घरचीच वडीलधारी मंडळी त्यास कौतुकाने म्हणतात, "बस रे, एक डाव खेळून बघ!" मग वही खरी मानावी की ओटी, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिल्यास दोष कोणाचा? ह्या विषयावर उपदेश पुष्कळ झाला आहे. जुगारात मनुष्य कसा सापडतो, आणि सापडल्यावर इच्छा असूनही त्यास का सुटता येत नाही, ह्याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. तो यथाशक्ति करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी ह्या भागात नवीनच शिक्षक होऊन आलो, तेव्हा इयत्ता आठवीत एक मुलगा होता. भाषेत तो बेताचाच; पण तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात दुसरा कोणी नव्हता. त्यातून नऊने किंवा नव्वदाने गुणावयाचे असले, म्हणजे माझा प्रश्न पुरा होण्याच्या आत त्याचे उत्तर तयार असे. मी त्याची पाठ थोपटली आणि इतर मुलांस त्याचे उदाहरण घालून दिले. पुढे दोन महिन्यांनी समजले की, हा मुलगा संध्याकाळी नाक्यावर मटक्याच्या चिठ्ठ्या लिहीत असे. एकेरी आकडा लागला तर रुपयास नऊ आणि जोडी लागली तर रुपयास नव्वद, असा त्या धंद्यातील सर्वसाधारण भाव. ज्या पाढ्याचे मी भर वर्गात कौतुक केले, तो त्यास शाळेने शिकविलेला नव्हता, नाक्याने शिकविला होता.

त्या मुलाच्या वडिलांनाच आकड्याचा नाद होता. भाताचे पैसे हाती आले की चार दिवसांत नाहीसे होत आणि उन्हाळ्यात पुन्हा उसनवारी सुरू होई. एके दिवशी ते गृहस्थ माझ्याकडे आले व हात जोडून म्हणाले, "सर, एवढे देणे फिटले की पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. घरी मात्र कळू देऊ नका." मला दया आली. मी आपल्या पगारातून चार हजार रुपये दिले आणि गुप्ततेचे वचनही दिले. पंधरा दिवसांच्या आत ते चार हजारही त्याच वाटेने गेले. तेव्हा मला मोठा संताप आला. मनुष्य खोटारडा निघाला, असे मी ठरवून टाकले. माझे हे मत चुकीचे होते, हे पुढे कळले. ते कसे, ते शेवटी सांगेन.

मटका म्हणजे काय, हे आजच्या मुलांस ऐकूनच ठाऊक असेल, म्हणून त्याची थोडी हकीकत देतो. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांचे आकडे तारायंत्राने येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते आकडे येणे बंद झाले. तेव्हा कच्छमधून मुंबईत आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळी येथे स्वतःच आकडे काढण्याची युक्ती काढली. १९६४ साली रतन खत्री यांनी आपला निराळा मटका सुरू केला. मडक्यात चिठ्ठ्या घालून आकडा काढीत, म्हणून ह्या जुगारास मटका हे नाव पडले. पुढे पत्त्यांची पाने ओढून आकडा काढण्याची चाल पडली, तरी नाव मडक्याचेच राहिले. 'ओपन' व 'क्लोज' हे शब्दही त्या जुन्या कापसाच्या भावांचेच अवशेष होत. आमच्या शहापूर-मुरबाडकडील कित्येकांची अशी समजूत आढळते की, 'कल्याण'चा आकडा म्हणजे शेजारच्या कल्याण शहरातून निघणारा आकडा. वस्तुतः ते नाव शहराचे नसून ह्या कल्याणजींचे आहे. गिरणगावातील कामगारांच्या पगाराचा केवढा तरी भाग ह्या मडक्यात पडला, आणि कामगारांबरोबर ते लोण रेल्वेच्या व एस.टी.च्या वाटेने खेड्यापाड्यांत येऊन पोहोचले.

आता नऊच्या पाढ्याचा खरा अर्थ पाहू. शून्यापासून नवापर्यंत आकडे दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर लागले दहा, आणि परत मिळाले नऊ. शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला तर लागले शंभर, आणि परत मिळाले नव्वद. म्हणजे आकडा कोणताही निघो, शेकडा दहा रुपये सरासरीने चालविणाऱ्याच्या पदरी पडावयाचेच. परत आलेले पैसे पुनःपुन्हा लावीत गेल्यास शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्क्याऐंशी, असे उतरत उतरत सात फेऱ्यांत ते सरासरीने निम्म्यावर राहत नाहीत. ह्यात चालविणारा प्रामाणिक असेल असे गृहीत धरले आहे. तो लबाड असेल तर बोलावयासच नको! सातवीच्या मुलास कळेल असा हा हिशेब आहे.

मग शहाणीसुरती माणसे त्यास भुलतात कशी? म्हसा येथील यात्रेत बैल घेणारा आमचा शेतकरी काही भोळा नसतो. तो बैलाचे दात पाहतो, त्यास चार पावले चालवून बघतो, घासाघीस करतो, आणि मनास न पटल्यास रिकाम्या हाताने घरी येतो. तोच मनुष्य स्वप्नात दिसलेल्या आकड्यावर आठवड्याची मजुरी लावून मोकळा होतो! ह्याचे कारण मूर्खपणा नव्हे. मनुष्याच्या मनाची घडणच तशी आहे. जे फळ दरवेळी मिळते त्याची गोडी लवकर ओसरते. परंतु जे कधी मिळते व कधी मिळत नाही, त्याची ओढ सुटता सुटत नाही. शिवाय सत्तेचाळीस लावावे आणि सेहेचाळीस निघावे, म्हणजे खेळणाऱ्यास वाटते की, थोडक्यात हुकले, आता पुढच्या खेपेस नक्की. वास्तविक सेहेचाळीस काय आणि तीन काय, चुकले ते चुकलेच. पण केंब्रिज येथील संशोधकांना २००९ साली असे आढळून आले की, अशा थोडक्यात हुकण्याने मेंदूचे जे भाग जिंकण्याने उत्तेजित होतात तेच उत्तेजित होतात आणि पुन्हा खेळण्याची इच्छा बळावते.

दुसरा भ्रम 'आता पाळी आली' ह्या समजुतीचा. १८ ऑगस्ट १९१३ रोजी युरोपातील मॉन्टे कार्लो येथील प्रसिद्ध जुगारगृहात चक्रावरील गोळी ओळीने सव्वीस वेळा काळ्या घरात पडली. इतक्या वेळा काळे आले, आता तांबडे आलेच पाहिजे, अशा खात्रीने लोक तांबड्यावर रकमा वाढवीत गेले आणि बुडाले. गोळीला मागची आठवण नसते, मडक्यालाही नसते. आठवण असते ती फक्त हरलेल्या माणसाला.

आणि हीच आठवण त्याचा घात करते. पहिल्या दिवशी तो जिंकण्यासाठी खेळतो. पुढे पुढे हरलेले परत मिळविण्यासाठी खेळू लागतो. हा फरक वरवर पाहता लहान, पण सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे. हरलेली रक्कम घरी सांगवत नाही, म्हणून ती भरून काढण्यासाठी पुन्हा लावतो, पुन्हा हरतो, आणि लपविण्याची रक्कम दुप्पट होते. अशा रीतीने जुगार आणि असत्य हे दोन चोर एकमेकांच्या खांद्यावर बसून घरात शिरतात.

वैद्यकशास्त्राने ह्यास आता रोगांच्या यादीत स्थान दिले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी तो १९८० साली आपल्या ग्रंथात प्रथम नोंदविला व २०१३ साली व्यसनांच्या प्रकरणात घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणातही तो व्यसनांच्याच पंक्तीस आहे. अमेरिकन ग्रंथात ह्या विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत. पूर्वीइतकीच मजा येण्यास अधिकाधिक रक्कम लागणे; खेळ कमी करू गेल्यास चिडचिड होणे; सोडण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसणे; मनात सदैव तोच विचार घोळणे; उदास वाटले की खेळावेसे वाटणे; हरलेले परत मिळविण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे; खोटे बोलणे; नाती, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात घालणे; आणि देणे भागविण्यासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहणे. एका वर्षात ह्यांपैकी चार किंवा अधिक आढळली, तर तो विकार समजावा. पालकहो, नऊचा हा पाढा मात्र अवश्य पाठ करावा.

कोणी म्हणेल की, ह्यास रोग म्हटले म्हणजे माणसाची जबाबदारीच संपली. आम्हांस तसे वाटत नाही. क्षयरोग्यास क्षय झाला हा त्याचा अपराध नव्हे. पण औषध नियमाने घेणे ही त्याचीच जबाबदारी असते. तसेच येथेही आहे. रोग म्हटल्याने क्षमापत्र मिळत नाही, उपचाराची वाट मात्र दिसते.

आज नाक्यावरचा चिठ्ठीवाला पूर्वीइतका दिसत नाही, म्हणून संकट टळले असे मात्र समजू नये. तो आता खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. नाक्यावर जाणाऱ्यास निदान चार माणसे पाहत. पांघरुणात मोबाइल घेऊन रमी खेळणाऱ्या किंवा क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावणाऱ्या मुलास कोण पाहणार? चिठ्ठीस रोख पैसा लागे, आणि खिसा रिकामा झाला की खेळ थांबे. मोबाइलवर बँकेतील शिल्लक एका बोटाने जाते आणि कर्जही त्याच बोटाने मिळते. जमिनीच्या मोबदल्याची किंवा पिकाची रक्कम ज्या खात्यात पडून आहे, त्याचा गुप्त क्रमांक घरात फक्त मुलालाच ठाऊक, अशीही घरे आहेत.

कायद्याने हे ओळखले आहे. १८८७ सालचा मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा अड्डा चालविणाऱ्याबरोबर तेथे सापडलेल्या खेळणाऱ्यासही शिक्षा सांगतो. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा जो कायदा संमत केला, त्यात असे खेळ चालविणारे व त्यांची जाहिरात करणारे ह्यांस कारावास व दंड आहे, खेळणाऱ्यास शिक्षा नाही. दोन कायद्यांतील हे अंतर शहाणपणाचे आहे, असे आमचे मत आहे. मात्र ज्या महाराष्ट्र शासनाने १९६९ साली स्वतःची सोडत सुरू केली, त्याच्या तोंडी जुगाराचा निषेध थोडा अडखळतो, हेही नम्रपणे नमूद केले पाहिजे. आणि कायदा कितीही चांगला असला तरी तो पांघरुणात शिरू शकत नाही. तेथे घरच्यांनीच शिरले पाहिजे.

आता त्या मुलाच्या घरची राहिलेली हकीकत. चार हजारांची गोष्ट शेवटी त्याच्या आईस कळलीच. ती शाळेत आली. ती रागावली नव्हती. फक्त एवढेच म्हणाली, "सर, पैसे दिलेत ते दिलेत, पण मला का नाही बोललात?" ह्या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. पैसे मागताना तो मनुष्य खोटे बोलत नव्हता. त्या घटकेस त्याचा निश्चय खराच होता. पण मी देणे गुपचूप भागविले, म्हणजे पुन्हा खेळण्यास जागा मोकळी करून दिली. आणि गुपित राखले, म्हणजे ज्या एका माणसाने त्यास आवरले असते, त्याच माणसास आंधळे ठेवले. माझी दया त्याच्या रोगास खाद्य झाली.

पुढे त्या बाईने, थोरल्या दिराने व त्या मुलाने मिळून त्या गृहस्थांस समोर बसविले. मारझोड नाही, शिव्याशाप नाहीत. एक वही काढली आणि कोणाचे किती देणे, ते सर्व त्यांच्याच तोंडून वदवून लिहून घेतले. भाताचे पैसे आईच्या खात्यात जाऊ लागले. वडिलांच्या हाती गाडीभाडे व चहापुरते. त्यानंतरही ते दोनदा घसरले. पण दोन्ही वेळा त्यांनी स्वतः येऊन सांगितले आणि ते वहीत लिहिले गेले. देणे फिटण्यास तीन वर्षे लागली. वही लिहीत होता तो आमचा नऊच्या पाढ्याचा विद्यार्थी.

म्हणून पालकांस माझी विनंती एवढीच की, घरात असा कोणी असेल तर त्याचे देणे गुपचूप फेडू नका आणि त्यास चारचौघांत लाजवूही नका. लाजेने मनुष्य अधिकच लपवितो. हिशेब उघडा करा, पैसा दुसऱ्या हाती ठेवा, आणि वैद्यकीय सल्ला घ्या. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीत विनामूल्य सल्ला मिळतो. आणि जागरणाच्या रात्री मुलास पानांशेजारी बसविण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

विद्यार्थीमित्रहो, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे दुःख गाणारे सूक्त आहे. घर तुटलेला, देणेकऱ्यांस भिणारा, खेळणार नाही असा निश्चय करूनही फाशांचा आवाज ऐकताच निघणारा तो मनुष्य तीन हजार वर्षांनंतरही आपल्या ओळखीचा वाटतो. त्यास शेवटी उपदेश मिळतो तो शेती करण्याचा. भाताच्या खाचरात वाढलेल्या तुम्हां मुलांस त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. आवणीत लावलेले एखाद्या वर्षी पावसाने नेले, तरी शेतकऱ्यास ते कोणापासून लपवावे लागत नाही. ज्या व्यवहारातील तोटा तुम्हांस आईस सांगवणार नाही, त्या व्यवहारात नफ्यासाठीही पाऊल टाकू नका. आणि टाकले गेलेच असेल, तर आज रात्री जेवताना तिला सांगा.