उत्तरामागील विचार

विद्यार्थ्याचे उत्तर चुकले, एवढे सांगणे शिक्षकास सोपे असते. ते कोणत्या विचाराने आले, हे ओळखणे कठीण. संख्याशास्त्र शिकविताना हे दुसरे कामच अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे. ते मला एका चुकीने शिकविले, आणि ती चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी मी नऊ मुलांस घरून शाळेत यावयास लागणारा वेळ फळ्यावर लिहावयास सांगितले. मिनिटांचे आकडे आले ते असे : 10, 10, 12, 12, 15, 15, 16, 20 आणि 70. शेवटचा मुलगा उरणहून येत असे. बाकीची मुले नेरूळ-बेलापूरची. ‘साधारणपणे किती वेळ लागतो?’ या प्रश्नास बहुतेकांनी 180 या बेरजेस 9 ने भागून 20 असे उत्तर दिले. एका मुलीने मात्र 15 लिहिले. मी लाल फुली मारून मोकळा झालो.

रात्री वह्या चाळताना तिच्या उत्तराखालची बारीक ओळ दिसली : ‘एकाचे घर लांब, म्हणून सर्वांची लांब होत नाहीत.’ तिने आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलला होता. पुस्तकात ज्यास मध्यक म्हणतात, तो तिने नाव ठाऊक नसता शोधला होता! दुसऱ्या दिवशी वर्गासमक्ष मी ती फुली खोडली. उलट, हजेरीपटावरील क्रमांकांची सरासरी बिनचूक काढणाऱ्या एका मुलास मी पूर्वी शाबासकी दिली होती. आकडेमोड निर्दोष, पण त्या सरासरीस अर्थ तो काय?

सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हाच विवेक अन्नाच्या प्रश्नास लाविला. सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच, हे गृहीत त्यांस मान्य नव्हते; गरज माणसागणिक निराळी असते, असे ते म्हणत. त्यांच्या मतावर पुष्कळ वाद झाला. तथापि सरासरीस प्रश्न विचारावा, हा धडा अबाधित आहे.

ही दृष्टी शिक्षकास अभ्यासानेच येते. मुले कोणकोणती उत्तरे देतील, ते तासापूर्वी लिहून काढावे. उत्तर येताच ‘चूक’ न म्हणता ‘हे कसे सुचले?’ असे विचारावे. आणि सहकाऱ्यांसह बसून वह्या वाचाव्यात. वर्ग मोठे, अभ्यासक्रम लांब, वेळ कोठून आणावा, हा आक्षेप खरा आहे. परंतु आठवड्यास असा एक प्रश्न कोणासही जड नाही.

पालकांसही एक विनंती आहे. प्रगतिपुस्तकात वर्गाच्या सरासरीशी तुलना करून मुलास बोल लावण्यापूर्वी, त्याची वही उघडून ‘तू असा विचार का केलास?’ एवढे विचारावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, उत्तराखाली आपले कारण लिहिण्यास कचरू नका. त्या मुलीने ती एक ओळ लिहिली नसती, तर तिचे शिक्षक अजून अडाणीच राहिले असते.