प्रिमरोझ कीं अबोली?

इंग्रजी कवितांतून भेटणारें प्रिमरोझ आपल्या अंगणांत फुलावें, अशी हौस आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही असते. हौस निर्मळ आहे. परंतु मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर तिच्यापायीं पैसा व श्रम खर्चूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रिमरोझ हें युरोपांतील थंड, ओलसर रानांचें फूल. हिंवाळा सरतां सरतां तें फुलतें, म्हणून तिकडील लोकांस त्याचें एवढें अप्रूप. इ. स. १८८१ मध्यें डिझरायलीच्या अंत्यविधीस व्हिक्टोरिया राणीनें प्रिमरोझांचाच हार धाडिला होता. हिमालयांतही त्याचीं भावंडें पुष्कळ आहेत. परंतु तीं सारीं थंडीचीं लेंकरें. आपल्याकडे हिंवाळा नांवालाच. पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि वैशाखांत जांभा तापतो. मुळें पावसांत कुजलीं नाहींत, तर उन्हांत करपतात. कुंडी सावलींत ठेवाल, दोन वेळ पाणी घालाल. गारवा कोठून आणाल?

तेंच पाणी व तीच माया अबोलीस द्यावी. पाऊस लागतांच फांदी खोंवली तरी ती जगते. वाफा मात्र उंच करावा, कारण मुळाशीं पाणी तुंबलें कीं ती मरते. तांबड्या मातींत कुजलेलें शेणखत मिसळावें. माडाच्या विरळ सावलींत ती सुखानें वाढते. सुकलेले तुरे खुडीत गेल्यास नवे येत राहतात. कांहीं तुरे मुलांकरितां ठेवावे: वाळलेल्या बोंडांवर पाणी शिंपडतांच तीं तडकन् फुटून बी दूर उडतें. हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षां चांगला लक्षांत राहतो. एकाच वाफ्यांत वर्षानुवर्षें ती लावूं नये. सूत्रकृमींमुळें मुळांस गांठी येतात.

अबोलीस वास नाहीं, अशी तक्रार कोणी करील. वासाची हौस असणाऱ्यानें फाल्गुनांत वेंगुर्ले तालुक्यांतील आसोलीस जाऊन सुरंगीचा बहर पाहावा. अबोलीचा वळेसर मात्र दुसऱ्या दिवशींही टवटवीत असतो.

आमचा विद्यार्थी वसंतावर निबंध लिहितांना न पाहिलेल्या प्रिमरोझाचें वर्णन करितो, आणि आजीच्या केसांतील अबोलीचें नांवही घेत नाहीं, याची आम्हांस खंत वाटते. कविता वाचूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. जें फूल हातीं येतें, त्याचाही अभ्यास व्हावा. सबब, येत्या मृगांत शाळेच्या बागेंत अबोलीचे दोन वाफे करावे, आणि पुढील वर्षीं मागेल त्या विद्यार्थ्यास त्यांतील फांद्या घरीं लावण्यास द्याव्या, अशी आमची व्यवस्थापकांस सूचना आहे.