जुन्या दारांवरचा रंग आणि शिसे

आखाजीच्या आधी किंवा दिवाळीच्या तोंडावर जळगाव-धुळ्याकडे घरे रंगवायला निघतात. भिंती लवकर होतात. वेळ खातात ती दारे, खिडक्या आणि लोखंडी गज. त्यांच्यावरचा जुना ऑइलपेंट पेंटर पॉलिश पेपरने घासून काढतो आणि रंगाची भुकटी घरभर बसते. या भुकटीत शिसे असू शकते, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

रंगात शिसे सहसा चुकून येत नाही, ते मुद्दाम घातले जाते. लेड क्रोमेट या शिशाच्या रंगद्रव्यामुळे पिवळा आणि केशरी रंग उठून दिसतो व उन्हात टिकतो. शिशाची आणखी काही संयुगे तेलाचा रंग लवकर वाळावा म्हणून वापरतात. त्यामुळे धोका मुख्यतः ऑइलपेंटचा आहे. शेणामातीने सारवलेल्या आणि चुन्याने पोतलेल्या धाब्याच्या घरात तो फारसा नसतो; चार पैसे हाती आल्यावर ज्या दारा-खिडक्यांना चकचकीत रंग चढला, तिथे तो अधिक संभवतो.

थर शाबूत आहे तोवर शिसे तिथेच अडकून राहते. खान्देशातल्या उन्हात लाकूड तडकते आणि पावसाळ्यात फुगते, तसे रंगाचे पोपडे सुटू लागतात. त्याहून घातक असते ती घासणारी जागा. खिडकीचे कवाड चौकटीला घासत उघडते-मिटते, तेव्हा दर वेळी थोडी धूळ खाली पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. रांगणारे मूल त्याच जमिनीवर हात टेकवते आणि तोच हात तोंडात घालते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलात जवळपास निम्मा. मूल लोहाच्या कमतरतेने पंडुरोगी असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते. शिसे मेंदूच्या वाढीत आडवे येते. बुद्ध्यंक घटतो, लक्ष टिकत नाही. त्याचा काही हिस्सा हाडांत वर्षानुवर्षे साठून राहतो आणि गरोदरपणात रक्तात उतरून वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येणार म्हणून घर खरवडून रंगवायला काढतात, तेव्हा हा धागा लक्षात ठेवायला हवा. अमुक इतके शिसे निर्धोक, अशी पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. मुलाच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले, तर ते कुठून येते हे शोधावे, असे तिने २०२१ साली सांगितले आहे.

कायदा आपल्याकडे आहे. २०१६ साली अधिसूचित झालेल्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगात शिसे ९० पीपीएमहून, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांहून, जास्त असता कामा नये. डब्यावर तसे छापणेही बंधनकारक आहे. मात्र औद्योगिक रंग या नियमाबाहेर आहेत. शिवाय हा नियम डब्यातल्या रंगाचा आहे. दारावर आधीच बसलेल्या थरांविषयी तो काहीच बोलत नाही. अमेरिकेने घरांसाठी शिशाचा रंग १९७८ साली बंद केला आणि त्याआधीचे घर विकताना किंवा भाड्याने देताना या धोक्याची माहिती देणे पुढे सक्तीचे केले. आपल्याकडे अशी रेघ ओढायची, तर ती २०१७ वर पडते. म्हणजे गावातली बहुतेक घरे तिच्या आधीची ठरतील.

मग घर तपासायचे कसे? यात दोन वेगळे प्रश्न आहेत: रंगात शिसे आहे का, आणि असलेले शिसे मुलापर्यंत पोहोचते का. पहिल्याचे उत्तर एक्सआरएफ हे हातात धरायचे यंत्र देते. क्ष-किरणांच्या आधारे ते रंग न खरवडता आतल्या थरांतले शिसे मोजते. ते नसेल तर लाकडापर्यंतचे सगळे थर असलेला पोपडा प्रयोगशाळेत द्यावा लागतो. नुसता वरचा थर दिला तर खालचा जुना रंग सुटून जातो. दुसऱ्या प्रश्नासाठी जमिनीवरची आणि खिडकीच्या कठड्यावरची मोजक्या जागेतली धूळ ओल्या पुसणीने टिपून तपासतात. रंगात शिसे आहे, पण थर घट्ट आहे आणि धुळीत काही नाही, अशा घराने घाबरण्याचे कारण नाही. त्याला नुसती नजर ठेवणे पुरते. निष्काळजीपणे खरवडायला घेतले, तर तेच घर धोक्याचे होते.

खान्देशातले प्रत्येक घर तपासणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. सुरुवात अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांपासून करावी. तिथल्या अक्षरे-चित्रांच्या ‘बोलक्या भिंती’ अनेकदा पिवळ्या-केशरी ऑइलपेंटने रंगवलेल्या असतात आणि पोरे दिवसभर त्यांना टेकून बसतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रंग-तंत्रज्ञान शिकवले जाते. नमुने तपासायला दूर जाण्याची गरज नसावी. रंगकामाच्या निविदेत ९० पीपीएमची अट आणि ओल्या घासकामाची अट घालायला तर वेगळा निधीही लागत नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हा परिषदांनी हे पुढच्या रंगकामाआधी करावे.

घरी रंगकाम काढणाऱ्यांनी एवढे पाहावे: डब्यावरचा शिशाचा मजकूर वाचून घ्या. पेंटरला जुना रंग पाणी मारून घासायला सांगा, ब्लो लॅम्पने जाळू देऊ नका आणि त्यालाही तोंडाला मास्क लावायला लावा. लहान मुले व गरोदर बाई यांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा. काम संपल्यावर केरसुणी फिरवू नका, फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढा.