बुटीबोरीत सौर कारखाने, पण शेतकऱ्याच्या पदरात काय?

तुमच्या शेतातल्या सौर पंपाचे पॅनेल उद्या बुटीबोरीत तयार झालेले असू शकेल. जुलै 2024 मध्ये मंत्रिमंडळ उपसमितीने अवादा इलेक्ट्रोच्या 13,647 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच्या दोन जागांपैकी एक बुटीबोरी. जानेवारी 2025 मध्ये दावोसला वारी एनर्जीने नागपूरसाठी 30,000 कोटींचा सामंजस्य करार केला. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको.

कारखाना उभा राहिला तरी त्यात काम कोणते होणार, हे पाहा. आधी शुद्ध सिलिकॉन, मग त्याचे ठोकळे, ठोकळ्यांच्या पातळ चकत्या, चकत्यांपासून सेल आणि शेवटी सेल जोडून पॅनेल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक होता. आपल्या कापसाचे आठवा. जिनिंग-प्रेसिंग इथे, पुढचे सूत-कापड बरेचसे परप्रांतात. बाहेरचे सेल आणून इथे नुसते जोडले, तर सौर उद्योगाचेही तेच होईल. काच, ॲल्युमिनियमची चौकट, पंपाचा कंट्रोलर बनवणारे लहान कारखानदार भोवती उभे राहिले, तरच त्याला उद्योगसमूह म्हणता येईल.

यात तुमचा संबंध थेट आहे. पीएम-कुसुमच्या पंपांना देशी सेल आणि देशी पॅनेलची अट आहे, म्हणजे या कारखान्यांचे हक्काचे गिऱ्हाईक तुम्हीच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटाला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के हिस्सा भरावा लागतो आणि 5 वर्षे दुरुस्तीची हमी मिळते. सहाव्या वर्षी काय? काटोल-नरखेडच्या बागेत आंबिया बहाराची फळे झाडावर असताना मे महिन्यात कंट्रोलर बंद पडला, तर सुटा भाग आणि आयटीआय शिकलेला कारागीर तालुक्यातच मिळायला हवा. माझ्या मते गुंतवणुकीच्या आकड्यापेक्षा ही कसोटी मोठी.

दुसरा संबंध जमिनीचा. सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये भाडे हेक्टरी वर्षाला किमान 1.25 लाख रुपये असून त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. उपकेंद्राजवळ पडीक जमीन असेल तर विचार करा. ओलिताची देऊ नका. करार दीर्घ मुदतीचा असतो, तो वकिलाकडून वाचून घ्या. आणि पंप बसवला असेल, तर पॅनेल व कंट्रोलरचे अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.