अटकेपारची कादंबरी आणि अलीकडची माणसे

'अटकेपार झेंडा लावणे' हा वाक्प्रचार ठाऊक नसलेले मराठी मूल शोधूनही सापडणार नाही. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी अटकेपार झेंडा लावतो, परदेशी गेलेला व्यापारीही लावतो. परंतु तो झेंडा मुळात ज्या वाटेने गेला, त्या वाटेवरील एका तरी गावाचे नाव सांग, असे त्याच मुलास विचारावे. चंडीगडच्या सेक्टरांत वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही हे नाव सहसा सांगता येत नाही. वस्तुत: इ. स. १७५८ च्या मार्चमध्ये मराठी फौजेने वेढलेले आणि जिंकलेले सरहिंद येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. रविवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणास परत येता येईल इतके जवळ!

हा दोष मुलांचा नव्हे. आपल्या भाषेत कुमारांसाठी जी ऐतिहासिक साहसकथा लिहिली जाते, तिचा हा दोष आहे. या कथेचा साचा आता ठरून गेला आहे. एक पंधरा-सोळा वर्षांचा शिलेदार, एक गुप्त खलिता, वेषांतर, रात्रीची दौड आणि अखेरीस तटावर फडकणारे निशाण. घोड्याचे नाव वाचकास कळते. घोड्याला चारा घालणाऱ्याचे कळत नाही. नर्मदा ओलांडली की लेखकाची दृष्टी मंदावते आणि यमुना ओलांडली की ती मिटते. तेथून पुढे अटकेपर्यंतचा सारा मुलूख जणू निर्मनुष्य मैदान! त्यात शत्रू तेवढे आहेत आणि तेही सारे एकाच दाढीचे. या असल्या पुस्तकांना 'इतिहासाची गोडी लावणारी' असे प्रशस्तिपत्र द्यावयास माझी तयारी नाही. ती दौडीची गोडी लावतात; इतिहासाची नव्हे.

खरा इतिहास या साच्याहून कितीतरी अधिक चित्तवेधक आहे. राघोबादादा पंजाबात आले ते काही आपल्याच मनाच्या लहरीने नव्हे. अब्दालीचा पुत्र तैमूरशहा आणि सेनापती जहानखान यांच्यापुढे एकट्याने निभाव लागत नाही, हे ओळखून अदीना बेगने त्यांना पाचारण केले होते. हा अदीना बेग सामान्य घरातून वर आलेला, जालंदर दुआबाचा कारभार केलेला, मोगल, अफगाण, शीख आणि मराठे या चारही पक्षांशी बोलणी चालू ठेवणारा विलक्षण पुरुष. सरहिंदच्या वेढ्यात मराठे, अदीना बेग आणि शीख असे तिघेही होते, आणि शहर पडल्यावर लुटीच्या हक्कावरून शीख व मराठे यांच्यात तेढ आल्याचे इतिहासकार नमूद करतात. एप्रिलमध्ये लाहोर हाती आले. पुढे वर्षाला पंचाहत्तर लाख रुपयांच्या करारावर सुभा अदीना बेगकडे सोपवून दादा परतले. आणि सप्टेंबरात तो मरण पावताच ती सारी मांडणी डळमळली. १७५९ च्या अखेरीस अब्दाली पुन्हा उतरला, तेव्हा पंजाब मराठ्यांच्या हातून गेला. म्हणजे ज्या झेंड्याचा आपण अडीचशेहून अधिक वर्षे वाक्प्रचार करून ठेवला, तो तेथे धड दोन वर्षेही टिकला नाही. तो का टिकला नाही, हा प्रश्न बुद्धिमान मुलाच्या मनात उभा राहणे हीच इतिहासाची पहिली पायरी. आपली साहसकथा निशाण चढताच समाप्त होते आणि प्रश्न विचारण्याची वेळच येऊ देत नाही.

आता सरहिंद याच नावाकडे पलीकडच्या बाजूने पाहावे. आपल्या मुलाच्या शेजारी वर्गात बसणाऱ्या शीख मुलास ते गाव आजोळच्या गोष्टीइतके परिचित असते. गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या पुत्रांना तेथे भिंतीत चिणले, ही कथा त्याने आजीकडून ऐकलेली असते. त्याच्या दृष्टीने १७१० साली बंदासिंग बहादूरने मोहालीलगतच्या चप्पडचिडी येथे सरहिंदच्या सुभेदाराचा केलेला पराभव हा न्याय आहे, आणि १७५८ चा वेढा त्याच दीर्घ कथेतील एक प्रकरण. गंमत अशी, की हा बंदासिंग गुरूंना भेटला तो आपल्या गोदातीरी, नांदेड येथे, १७०८ साली. एक कथा गोदावरीकडून सतलजेकडे येते, दुसरी पुण्याहून सिंधूकडे जाते, आणि दोन्ही सरहिंदला एकमेकींना छेदतात. कादंबरीकाराला याहून उत्तम योग कोणता हवा? पण आपला शिलेदार तेथून घोडा फेकीत निघून जातो. त्या दोन मुलांनी मधल्या सुट्टीत या गावाविषयी बोलावयाचे ठरवले, तर एकापाशी गोष्ट असेल आणि दुसऱ्यापाशी केवळ एक वाक्प्रचार!

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. उत्तर अमेरिकेत सुपीरिअर सरोवराच्या परिसरात ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. युरोपातील हॅटांसाठी बीव्हरची कातडी मिळवणारा फरचा व्यापार त्यांच्या शिकारीवर, त्यांच्या भूर्जसालीच्या होड्यांवर आणि त्यांच्या स्त्रियांच्या कसबावर उभा होता. तरीही कुमारांच्या साहसकथांतून दीर्घकाळ नायक झाला तो गोरा व्यापारी किंवा वसाहतकार. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३५ च्या सुप्रसिद्ध पुस्तकात तेथे माणसेच नव्हती, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचा मजकूर होता. तो १९५३ मध्ये बदलावा लागला. पुढे १९९९ साली लुइझ अर्ड्रिक या ओजिब्वे वंशाच्या लेखिकेने 'द बर्चबार्क हाउस' लिहिले. त्यात १८४७ च्या सुमारास सरोवरातील एका बेटावर राहणारी ओजिब्वे मुलगी नायिका आहे. घर बांधणे, कातडी कमावणे, हिवाळ्याची बेगमी आणि देवीची साथ, हेच तेथील साहस. तलवार नसूनही मुले ते पुस्तक आवडीने वाचतात.

यावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला असा, की मुलांना वीररस हवा; करार आणि रसद यांनी ती कंटाळतील. परंतु पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत मराठी छावणी उपाशी पोटी रणात उतरली, ही गोष्ट ऐकताना कोणते मूल कंटाळते? बाजारबुणगे, गोण्या लादलेले बैल, तुटलेली रसद, अब्दालीची रसद मारताना पडलेले गोविंदपंत बुंदेले, यांत नाट्य नाही असे म्हणणाऱ्याने नाट्य पाहिलेलेच नसावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशाने मुलांचा अभिमान उणावेल. मी उलट म्हणतो. जो अभिमान शेजाऱ्याच्या एका प्रश्नाने कोसळतो तो अभिमान नव्हे, पाठांतर होय.

आपल्याच परंपरेत याचा वस्तुपाठ आहे. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या आजही जिवंत वाटतात, कारण त्यांनी ते गड पायी तुडवले होते. कोणत्या वाटेला पाणी लागते, कोणत्या माचीवर वारा कसा असतो, कोणत्या वाडीत कसली माणसे राहतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या सह्याद्रीत माणसे आहेत. आपल्या पंजाबात नाहीत, कारण पंजाबवर लिहिणारा बहुधा पुण्यामुंबईत बसून लिहितो.

म्हणूनच हे गाऱ्हाणे मी पुण्याच्या प्रकाशकांपुढे न मांडता आपणापुढे मांडतो आहे. आपण येथे शासकीय सेवेच्या निमित्ताने आलात. जमाबंदीचे कागद, कालव्यांचे नकाशे, जिल्ह्यांचे दौरे हे आपले रोजचे काम. सरहिंदची आमखास बाग, जुन्या शाही रस्त्यावरचे कोसमिनार, कर्नालजवळचे कुंजपुरा आपण दौऱ्यावर पाहता. हरिराम गुप्तांनी संपादिलेला मराठे व पानिपत यांवरील ग्रंथ याच शहरातील पंजाब विद्यापीठाने १९६१ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शेजवलकरांचे 'पानिपत १७६१' मराठीत आले. सामग्रीची वाण नाही. पंजाबी बोलणारे शेजारी आहेत, गुरुमुखी वाचणारे सहकारी आहेत.

तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येईल आणि आपली मुले दुसऱ्या शहरातील दुसऱ्या शाळेत बसतील. त्यापूर्वी त्यांना एकदा सरहिंदला न्यावे. आणि आपणांपैकी ज्याच्या हाती लेखणी आहे, त्याने अशा एका मराठी मुलाची कथा लिहावी, की जो फौजेबरोबर येतो, आजारी पडून सतलजेकाठच्या एखाद्या शीख शेतकऱ्याच्या घरी राहतो, आणि फौज पुढे अटकेस गेल्यावर त्या घराच्या दारातून आपल्याच लोकांकडे पाहतो. निशाण त्याला दिसणार नाही. पण ते ज्या मुलुखावरून गेले, तो मुलूख त्याला दिसेल, आणि वाचणाऱ्या आपल्या मुलांनाही.